इक्सीच्या आधी नवऱ्याची जनुकीय तपासणी : मुलाकडे, मुलीकडे आणि नातवाकडे काय जातं

कातळसडा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याला उपचारांसाठी जाणाऱ्या जोडप्यांच्या फायलींमध्ये एक गोष्ट सारखी खटकते. बायकोच्या तपासण्यांचा गठ्ठा असतो. सोनोग्राफी, ट्यूब टेस्ट, एएमएच, थायरॉइड, कधी लॅप्रोस्कोपीसुद्धा. नवऱ्याच्या नावाचा मात्र एकच कागद, वीर्य तपासणीचा, आणि त्यावर लिहिलेलं ‘निल’. त्याच्या मागचं पान थेट इक्सीच्या खर्चाचं. शुक्राणू का नाहीत, हा मधला प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

इक्सीमध्ये एक शुक्राणू काचेच्या बारीक सुईने बीजांडात सोडतात. ब्रसेल्सच्या पथकाने १९९२ मध्ये या पद्धतीने झालेल्या पहिल्या बाळांची माहिती जाहीर केली. तोपर्यंत ज्या पुरुषाला मूल होणं शक्यच नव्हतं, त्याला ते होऊ लागलं. पण शुक्राणू कमी असण्याचं कारण जनुकात असेल तर इक्सी ते कारण दुरुस्त करत नाही, फक्त वळसा घालून पुढे जाते. जो दोष निसर्गतः त्या पुरुषापाशी थांबला असता, तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो.

हे घाबरवायला लिहीत नाही. बहुतेक दोषांत बाळ धडधाकट असतं, पुढे त्याचेही शुक्राणू कमी असतील, एवढंच. पण काही दोषांत बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि काहींत शुक्राणू मिळण्याची शक्यताच नसते, तिथे वृषणातून शुक्राणू काढायचं ऑपरेशन करणं चूक. कोणता प्रकार आहे, हे दोन-तीन रक्ततपासण्यांत कळतं. त्या इक्सीच्या आधी करायच्या असतात, इक्सीच्या दोन फेऱ्या (सायकल) फसल्यावर नाही.

या धाग्यात तपासण्यांचा क्रम, रिपोर्ट कसा वाचायचा आणि कोणत्या दोषाचं पुढे काय होतं, हे एकत्र करूया. जाणकारांनी भर घालावी.

खाडीकाठ

सुरुवात वीर्य तपासणीपासूनच करायला हवी, कारण अर्धा घोळ तिथेच होतो.

संबंध किंवा वीर्यपतन न होता २ ते ७ दिवस गेलेले असावेत. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. तपासणी अर्ध्या तासात, फार तर तासाभरात सुरू व्हायला हवी. गुहागर किंवा देवगडच्या आतल्या वाडीतून बाटली घेऊन एसटीने निघालं तर ते जमत नाही. घरून आणायचाच झाला तर बाटली अंगाला लागून, शर्टाच्या आत ठेवून आणा, बर्फात नाही. पहिला थेंब सांडला असेल तर तसं सांगा, कारण सर्वात जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात.

‘निल’ लिहिण्याआधी लॅबने नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासला पाहिजे. सुमारे ३००० जी वेगाने १५ मिनिटं. नुसत्या स्लाइडवर थेंब पाहून लिहिलेलं ‘निल’ खरं धरू नका. गाळात चार-पाच शुक्राणू सापडले तरी चित्र पालटतं. तेवढे शुक्राणू गोठवून इक्सीला वापरता येतात आणि ऑपरेशन टळू शकतं. तपासणी किमान दोनदा, मध्ये काही आठवडे ठेवून.

आपल्या भागासाठी एक महत्त्वाचं. लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, दोडामार्गाकडचा माकडताप, कुठलाही जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्यानंतरचे सुमारे तीन महिने आकडे पडलेले असतात. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तेवढाच काळ लागतो. भाताच्या लावणीत ताप आला आणि गणपतीत तपासणी केली, तर त्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. दिवाळीनंतर पुन्हा करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा १.४ मिली वीर्य, मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि एकूण ३ कोटी ९० लाख अशी आहे. यापेक्षा थोडं कमी असलं की लगेच जनुकीय तपासणी लागत नाही. मिलीला ५० लाखांच्या खाली गेलं की तिचा विचार करायचा. १० लाखांच्या खाली किंवा शून्य असेल तर ती सोडायचीच नाही.

सुरंगी

खाडीकाठ यांच्या मुद्द्याला जोडून. रक्त काढण्याआधी पुरुषाला कुणीतरी हाताने तपासलं पाहिजे. दोन मिनिटांची ही तपासणी सर्रास राहून जाते.

दोन गोष्टी बघायच्या. वृषणांचा आकार आणि शुक्रवाहिनी बोटाला लागते का. शुक्रवाहिनी सुतळीसारखी टणक लागते. दोन्ही बाजूंना ती लागतच नसेल, वीर्य दीड मिलीपेक्षा कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नसेल, तर जन्मतःच दोन्ही शुक्रवाहिन्या नाहीत, असं निदान तिथेच होतं. वृषण नेहमीच्या आकाराचे आणि एफएसएच (मेंदूकडून वृषणाला संदेश देणारं हार्मोन) नॉर्मल असतं, कारण शुक्राणू तयार होत असतात, त्यांना बाहेर यायला वाट नसते.

उलट वृषण लहान व मऊ आणि एफएसएच वाढलेलं असेल, तर कारखान्यातच अडचण आहे. अशा वेळी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजणी) आणि वाय मायक्रोडिलिशन (वाय गुणसूत्राचा छोटा भाग गळालाय का) तपासायचं.

एक फसवा प्रकारही आहे. शुक्राणूंची वाढ मध्येच थांबते, पण वृषण नेहमीसारखे आणि एफएसएच नॉर्मल असतं. बरेचदा ‘अडथळा आहे’ समजून शुक्राणू काढायला वृषणात सुई घातली जाते आणि काही मिळत नाही. म्हणून एफएसएच नॉर्मल आहे एवढ्यावर वाय मायक्रोडिलिशनची तपासणी वगळू नका.

वीर्य फारच कमी येतं आणि मधुमेह आहे, तर वीर्य उलटं मूत्राशयात जातंय का, हे वीर्यपतनानंतरच्या लघवीत तपासून घ्या. त्याचा जनुकांशी संबंध नाही.

भिरवंडे_नाका

ह्यां सगळां बरां लिवलास. पण कणकवली-कुडाळात ह्या रक्ततपासण्या होतत की सगळां मुंबयक पाठवूचा लागता? आणि पाठवताना रक्त खराब होता म्हणतत, तां खरां काय?

खाडीकाठ

रक्त तालुक्याच्या गावी काढता येतं, तपासणी मोठ्या शहरात होते. दोन तपासण्यांच्या नळ्या वेगळ्या आणि घोळ तिथेच होतो.

कॅरिओटाइपसाठी हेपरिनची, हिरव्या टोपणाची नळी. यात पेशी जिवंत पोचायला हव्यात, कारण लॅबमध्ये त्या सुमारे तीन दिवस वाढवून मग गुणसूत्रं मोजतात. नळी गोठवायची नाही, थेट बर्फाला टेकवायची नाही, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवायची नाही. शक्यतो २४ तासांत पोचावी, ४८ च्या पुढे जाऊ नये. म्हणून रक्त सोमवार ते बुधवार, सकाळी द्या. शनिवारी दिलेलं रक्त रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहतं. पावसाळ्यात परशुराम किंवा आंबोली घाटात दरड आली की तीच गत. मग ‘कल्चर फेल्युअर’ असा रिपोर्ट येतो. तो दोष नव्हे, फक्त पेशी वाढल्या नाहीत. पुन्हा रक्त द्यायचं.

वाय मायक्रोडिलिशन आणि सीएफटीआर (शुक्रवाहिन्या नसण्यामागे बरेचदा असणारं जनुक) या डीएनएच्या तपासण्या. त्यांना ईडीटीएची, जांभळ्या टोपणाची नळी लागते. ती फ्रिजमध्ये काही दिवस टिकते, उशीर झाला तरी चालतं. हिरवी-जांभळी अदलाबदल झाली की कॅरिओटाइप गेलाच. नळीवर नाव, तारीख आणि वेळ आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्या.

नवरा मुंबईत चाकरमानी असेल तर सरळ तिथेच लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं. परळ-लालबागला खोली असलेल्यांना तर मोठी रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

कातळसडा

आता वाय मायक्रोडिलिशनबद्दल सविस्तर, कारण ‘बापाकडून मुलाकडे’ हा प्रश्न इथे सर्वात थेट आहे.

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. त्याच्या लांब बाजूवर शुक्राणूंना लागणारी जनुकं आहेत, हे १९७६ मध्ये टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी सुचवलं. पुढे १९९६ मध्ये त्या भागाचे तीन पट्टे ठरले : एझेडएफ-ए, बी आणि सी. या भागात जवळजवळ हुबेहूब सारखे मोठे तुकडे पुन्हापुन्हा येतात. शुक्राणू तयार होताना असे दोन तुकडे एकमेकांना चुकून जुळतात आणि मधला भाग गळून पडतो. एझेडएफ-सीमध्ये असा सुमारे ३५ लाख अक्षरांचा भाग जातो, त्यात डॅझ नावाच्या जनुकाच्या चारही प्रती असतात.

कोणता पट्टा गेला, यावर सगळं ठरतं. ए पूर्ण गेला असेल तर वृषणात शुक्राणूंच्या मूळ पेशीच नसतात. बी पूर्ण किंवा बी आणि सी दोन्ही गेले असतील तर वाढ अर्ध्यात थांबते. या तिन्ही स्थितींत मायक्रो टेसे (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधायचं ऑपरेशन) करूनही शुक्राणू मिळत नाहीत. ऑपरेशनचा खर्च आणि वेदना टाळायची असेल तर हा एक रिपोर्ट पुरतो. फक्त सी गेला असेल तर कधी वीर्यातच थोडे शुक्राणू असतात, आणि शून्य असेल तरी सुमारे निम्म्या पुरुषांत मायक्रो टेसेने मिळतात.

फक्त सी गेलेल्या पुरुषाने इक्सी केली आणि मुलगा झाला, तर त्याच्याकडे तो दोष जाणारच. ५० टक्के नाही, प्रत्येक मुलग्याकडे. मुलगी झाली तर तिच्याकडे काहीच जात नाही, ती वाहकही नसते, कारण तिला बापाचं वाय मिळतच नाही.

वैनतेय

रिपोर्ट वाचण्याबद्दल. ‘वाय मायक्रोडिलिशन निगेटिव्ह’ एवढी एक ओळ असलेला रिपोर्ट परत करा आणि कोणते मार्कर (वायवरच्या ठरलेल्या खुणेच्या जागा) तपासले, त्यांची यादी मागा. युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान सहा हवेत. ए साठी एसवाय ८४ आणि ८६, बी साठी एसवाय १२७ आणि १३४, सी साठी एसवाय २५४ आणि २५५. शिवाय एसआरवाय (वायवरचं, पुरुषलिंग ठरवणारं जनुक) आणि झेडएफएक्स-झेडएफवाय हे दोन कंट्रोल.

कंट्रोल कशासाठी? या तपासणीत ‘पट्टा (म्हणजे मार्करची उमटणारी रेघ) दिसला नाही’ म्हणजे ‘भाग गळालेला’ असा अर्थ लावतात. पण डीएनए खराब असेल तरी पट्टा दिसत नाही. झेडएफएक्स-झेडएफवाय दिसला म्हणजे तपासणी नीट झाली. तोच दिसला नसेल तर रिपोर्टला अर्थ नाही.

दुसरी खूण. एसवाय २५४ आणि २५५ हे दोन्ही डॅझ जनुकातलेच मार्कर आहेत. एक दिसतो आणि एक दिसत नाही, असं आलं तर ती बहुधा तंत्राची चूक असते. पुन्हा करून घ्या. ए किंवा बी गळालेला दिसला तर तो पूर्ण गेला की अर्धवट, हे पाहायला आणखी मार्कर लावावे लागतात. ‘शुक्राणू मिळणारच नाहीत’ हे वाक्य फक्त पूर्ण गळालेल्यालाच लागू आहे. एवढ्या मोठ्या निर्णयाआधी ही दुसरी फेरी मागून घ्यावी.

एसआरवाय आहे पण ए, बी, सी तिन्ही नाहीत, असं दिसलं तर तो बहुधा एक्सएक्स पुरुष असतो, म्हणजे वायचा छोटा तुकडा एक्सवर चिकटलेला. कॅरिओटाइप त्याची खात्री करतो. अशा वेळी वृषणातून शुक्राणू मिळत नाहीत.

‘जीआर-जीआर’ नावाचं अर्धवट डिलिशनही काही लॅब छापतात. ते मुलं झालेल्या पुरुषांतही सापडतं. त्याच्यावरून इक्सीचा निर्णय फिरवू नये.

अबोली_वेंगुर्ला

सासरी लगेच विचारतात, ‘हा दोष कोणाच्या घराण्यातून आला?’ याचं खरं उत्तर काय? आणि नवऱ्याच्या भावांनी तपासून घ्यायचं का?

सुरंगी

अबोलीताई, बरं झालं विचारलंत.

वाय मायक्रोडिलिशन बहुतेक वेळा त्या पुरुषातच नव्याने घडलेलं असतं. त्याच्या वडिलांत ते नसतं, आणि वडिलांना मूल झालं होतं, हे समोरच दिसतं. तेव्हा घराण्याचा इथे बहुधा संबंध नसतो, आणि भावांनाही बहुधा नसतं. भावाला मूल होण्यात अडचण आली तरच तपासावं.

ट्रान्सलोकेशनमध्ये मात्र भाऊ आणि बहीण दोघांनीही कॅरिओटाइप करावा. तिथे दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, माल सगळा असतो पण जागा बदललेली. तो माणूस स्वतः निरोगी असतो, पण त्याच्या काही शुक्राणूंत माल कमी-जास्त होतो. परिणाम म्हणजे वारंवार गर्भपात, किंवा व्यंग असलेलं मूल. १३ आणि १४ किंवा १४ आणि २१ ही गुणसूत्रं चिकटलेली असणं नेहमीच्या प्रकारांतलं. १४-२१ मध्ये डाउन सिंड्रोमचा धोका लक्षात ठेवावा लागतो. बहिणीला दोन गर्भपात झाले आणि भावाचे शुक्राणू कमी, तर कारण एकच असू शकतं. बहिणीचा दोष म्हणून तिच्या सासरी बोल लावायला मात्र ते कारण नाही. तपासणी करून मार्ग काढता येतो.

शुक्रवाहिनी नसण्याचं कारण सीएफटीआर असेल तर भाऊ-बहीण वाहक असू शकतात. लग्नाआधी किंवा मूल ठरवताना त्यांनी तपासून घ्यावं.

क्लाइनफेल्टर, म्हणजे एक्सएक्सवाय, घराण्यात चालत येत नाही. तो गर्भ राहतानाच घडतो. साधारण ६०० मुलग्यांमागे एकाला असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. मायक्रो टेसेने सुमारे ४० ते ५० टक्के पुरुषांत शुक्राणू मिळतात आणि त्यातून होणारी मुलं बहुतांशी नेहमीच्या गुणसूत्रांचीच असतात.

यात एक मोठी चूक होते. ‘पुरुषी हार्मोन कमी आहे’ म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आधी सुरू केली जातात. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि असलेले थोडे शुक्राणूही बंद होतात. आधी शुक्राणू काढून गोठवायचे, हार्मोन नंतर. जिममधल्या इंजेक्शनांचं तेच. ती घेणाऱ्याने डॉक्टरांना सांगितलं नाही तर तपासणी भलत्याच दिशेने जाते. ती बंद केल्यावर शुक्राणू परत यायला सहा महिने ते वर्ष, काहींना त्याहून जास्त लागतं.

रापण

सीएफटीआरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाळाच्या जिवाशी संबंध असलेला प्रकार हाच.

सीएफटीआर जनुक ७ व्या गुणसूत्रावर आहे. दोन्ही प्रती जबर बिघडल्या तर सिस्टिक फायब्रोसिस होतो, म्हणजे फुप्फुसात घट्ट कफ, स्वादुपिंडाचा बिघाड, वजन न वाढणं, घामात मीठ जास्त. एक प्रत जबर आणि एक सौम्य बिघडलेली असेल तर माणूस बहुधा ठणठणीत असतो, फक्त शुक्रवाहिन्या तयार झालेल्या नसतात. सौम्य बदलांत ‘५टी’ नेहमी भेटतो, आणि त्याच्या शेजारी टीजी (या अक्षरजोडीची पुनरावृत्ती) १२ किंवा १३ असेल तर तो जास्त परिणाम करतो. म्हणून रिपोर्टवर ५टीच्या बरोबर टीजीचा आकडाही हवा.

आता समजा नवऱ्याला एक एफ५०८डेल (जबर बिघाड) आणि एक ५टी (सौम्य) आहे. वृषणात शुक्राणू भरपूर, सुईने सहज मिळतात. डॉक्टर म्हणतात, इक्सी सोपी आहे. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण बायको वाहक आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिला एफ५०८डेलची एक प्रत असेल तर प्रत्येक गर्भात २५ टक्के शक्यता सिस्टिक फायब्रोसिसची. आणखी २५ टक्के शक्यता बापासारख्या जोडीची, म्हणजे मुलगा असेल तर शुक्रवाहिन्या नसण्याची. उरलेल्या निम्म्यात मूल फक्त वाहक. दोन्ही प्रती बिघडलेल्या बापाचं प्रत्येक मूल निदान वाहक असतंच. म्हणून सगळा प्रश्न आईच्या रिपोर्टवर येऊन थांबतो.

आईची तपासणी करताना ‘३० म्युटेशनचं पॅनेल’ पुरेसं मानू नका. अशी पॅनेल युरोपातल्या बदलांवर बेतलेली असतात. भारतात एफ५०८डेलचं प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी आणि इतर विखुरलेले बदल जास्त. पूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग आणि त्यात मोठे गळालेले-वाढलेले भागही पाहणारी तपासणी मागा.

एक मूत्रपिंड नसलेल्या काही पुरुषांतही शुक्रवाहिनी नसते, पण तिथे कारण बहुधा सीएफटीआर नसतं. म्हणून पोटाची सोनोग्राफी आधी करा. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावी होते.

अबोली_वेंगुर्ला

दोघंही वाहक निघाले तर बाळच नको, असं ठरवावं लागतं का?

वैनतेय

नाही. तीन मार्ग आहेत. पहिला, गर्भाची रोपणापूर्वी तपासणी. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी काढून नेमका तो बदल आहे का ते बघतात, गर्भ तोवर गोठवून ठेवतात. यासाठी नवरा-बायकोचे बदल आधी नेमके माहीत हवेत आणि बहुधा त्या दोघांच्या आई-वडिलांचंही रक्त लागतं. ही तयारी करायला लॅबला काही आठवडे लागतात. इंजेक्शनं सुरू झाल्यावर विचारलं तर वेळ गेलेली असते. आधी लॅबची तयारी, मग सायकल.

दुसरा, गर्भ राहू द्यायचा आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल तपासायचं. तिसरा, दात्याचे शुक्राणू. ट्रान्सलोकेशनलाही हेच तीन मार्ग.

२०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन) कायद्याप्रमाणे रोपणापूर्व तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. उगीच ‘उत्तम गर्भ निवडून देतो’ म्हणून नाही.

भिरवंडे_नाका

मग वायचो दोष आसात तर मुलीचोच गर्भ ठेवलो तर? दोष थंयच संपता नाय?

कातळसडा

तर्क कळतो, पण लिंगनिवड हा आपल्याकडे गुन्हा आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात २००३ पासून गर्भधारणेच्या आधीची निवडही आली. ‘आतल्या आत करून देतो’ म्हणणाऱ्या ठिकाणी पाऊल ठेवू नका. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत असं की एझेडएफ-सी गेलेला मुलगा निरोगी असतो. त्याच्या वाट्याला येणारी अडचण त्याच्या बापाने ओलांडलेली आहे. तेवढ्यासाठी त्याला जन्म नाकारायचं कारण मला दिसत नाही.

पण एक खबरदारी. या पुरुषांच्या काही शुक्राणूंत वाय पूर्णच नाहीसं झालेलं असू शकतं, म्हणून ४५ एक्स (एकूण ४५ गुणसूत्रं, त्यात एकच एक्स आणि वाय नाही) किंवा मिश्र गुणसूत्रांच्या गर्भाचा धोका थोडा मानतात. बापाच्या कॅरिओटाइपमध्ये ४५ एक्स पेशींची मिसळ आहे का, हे पाहायला नेहमीच्या २० ऐवजी जास्त पेशी मोजायला सांगा, आणि गर्भारपणातल्या तपासणीबद्दल आधीच बोलून ठेवा.

सुरंगी

मुलीकडून नातवाकडे जाणारे दोष निसटू नयेत म्हणून लिहिते. टेक्स११ नावाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं तर शुक्राणूंची वाढ थांबते. असा पुरुष इक्सीने बाप झाला तर मुलग्यांकडे काही जात नाही, पण प्रत्येक मुलगी वाहक होते आणि तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना दोष जाऊ शकतो. वाय आणि एक्सचं गणित बरोबर उलट. कॅरिओटाइप आणि वायची तपासणी दोन्ही नॉर्मल म्हणजे ‘आनुवंशिक काही नाही’ असा अर्थ होत नाही. शुक्राणूंची वाढ थांबलेली असेल तर एक्सोम तपासणी (सगळ्या जनुकांचे कामाचे भाग वाचणारी) विचारून घ्यावी.

नात्यात लग्न झालेलं असेल, मामाची मुलगी वगैरे, तर दोन्ही बाजूंनी एकच बिघडलेली प्रत येण्याची शक्यता वाढते. सगळे शुक्राणू गोल डोक्याचे असतील तर बहुधा डीपीवाय१९एल२ जनुक. त्यात साधी इक्सी केली तर बीजांड बहुधा फळत नाही, कॅल्शियम आयनोफोरने ते जागं करावं लागतं. सगळे शुक्राणू मोठ्या डोक्याचे आणि अनेक शेपट्यांचे असतील आणि एयूआरकेसीचा दोष निघाला, तर त्यात गुणसूत्रांचे चौपट संच असतात आणि इक्सी करूच नये. म्हणून वीर्याच्या रिपोर्टमध्ये आकाराची ओळ नीट वाचा. ‘९९ टक्के अॅबनॉर्मल’ एवढ्यावर थांबू नका, कसले अॅबनॉर्मल ते विचारा.

रापण

इक्सीने झालेल्या मुलग्यांचं मोठेपणी काय झालं, याचा आकडा आहे. ब्रसेल्सच्याच केंद्राने २०१६ मध्ये १८ ते २२ वर्षांच्या ५४ तरुणांचे निष्कर्ष छापले. त्यांचा मध्यक मिलीला १ कोटी ७७ लाख, नैसर्गिक गर्भधारणेतून झालेल्यांचा ३ कोटी ७० लाख. पण बाप आणि मुलगा यांच्या आकड्यांत ठळक जुळणी दिसली नाही. म्हणजे बापाचा आकडा बघून मुलाचं भाकीत करू नये. शिवाय ते तरुण मोजके होते आणि त्यांचे बाप १९९० च्या दशकातले, बहुतेक तीव्र कमतरतेचे.

अबोली_वेंगुर्ला

एझेडएफ-सी असलेल्या मुलाला हे कधी आणि कसं सांगायचं?

कातळसडा

लहानपणी तपासण्यासारखं काही नसतं आणि त्याच्या वाढीत, पुरुषत्वात काही कमी नसतं. वयात आल्यावर, १८ च्या सुमारास, त्याला सांगून एक वीर्य तपासणी करावी. या दोषात शुक्राणूंची संख्या वयाबरोबर घटू शकते. विशीत मिळालेले शुक्राणू तेव्हाच द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवले तर तिशीत ऑपरेशन टळू शकतं. लग्न ठरताना हे लपवण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, म्हणून त्याला आधी माहीत हवं. बापालाही हेच लागू. वीर्यात आज चार शुक्राणू आहेत, तर बायकोच्या तपासण्या संपेपर्यंत थांबू नका, आजच गोठवा.

वैनतेय

दवाखाना निवडताना. लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआय (वीर्य गर्भाशयात सोडणं), इक्सी लेव्हल २ मध्येच होते. नोंदणी क्रमांक विचारा. महिन्यातून एकदा येणारे तज्ज्ञ तपासतात एका गावात आणि प्रक्रिया होते दुसऱ्या शहरात, तेव्हा प्रक्रिया जिथे होणार त्या ठिकाणची नोंदणी बघायची. वयाची अट बायकोला २१ ते ५०, नवऱ्याला २१ ते ५५.

दात्याचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घेता येतात. ‘दिराचेच घेऊ, रक्त घरचंच राहील’ असं घरात सुचवलं जातं, ते कायद्यात बसत नाही. आणि जनुकीय दोष दिरातही असेल तर हेतूही फसतो. एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. जन्मणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, वारसाहक्कासह.

भिरवंडे_नाका

समजला. गणपतीक भाऊ येतलो मुंबयसून, तेवा दोघांचां रक्त देवक सांगतंय.

खाडीकाठ

गणपतीच्या पाच दिवसांत नको. कुरिअर आणि लॅब दोन्ही अर्धवट चालू असतात, हायवेवर गाड्यांची रांग असते. भाऊ मुंबईला परतला की तिथेच देऊ द्या. वहिनींचं रक्त सीएफटीआरसाठी जांभळ्या नळीत इथून पाठवलं तरी चालेल, पण भावाच्या रिपोर्टची प्रत त्याच्यासोबत जोडा, म्हणजे नवऱ्यात काय सापडलं ते लॅबला कळेल; वहिनींची तपासणी मात्र पूर्ण जनुकाचीच मागा.

आणि सगळे रिपोर्ट मिळाले की त्याच दिवशी स्कॅन करून दोघांच्या ईमेलवर ठेवा. सोनोग्राफीचा गुळगुळीत कागद दोन पावसाळ्यांत पुसट होतो, बाकीच्यांना आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी येते. हे कागद मुलाला वीस वर्षांनी लागणार आहेत. वायच्या रिपोर्टमधलं मार्करचं पान वेगळं असतं, ते राहू देऊ नका.